मेंदूतला ‘मी’ यंत्रात उतरवता येईल का?

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री १०:१५

माझी आई सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ट्रंक कॉलचा जमाना. कानाला हेडसेट, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात कॉर्ड. एक टोक या भोकात, दुसरं त्या भोकात घातलं की सांगलीचा माणूस मुंबईच्या माणसाशी बोलायला लागायचा. एसटीडी आली, बोर्ड गेले, आई दुसऱ्या विभागात गेली आणि तिथूनच निवृत्त झाली. शेवटची सहा वर्षं तिला अल्झायमर होता. मागच्या वर्षी गेली.

परवा भाचा जेवताना म्हणाला, "मावशी, अजून पन्नास वर्षांनी आजीसारखं कुणाला जावं लागणार नाही. मेंदूतल्या सगळ्या जोडण्या स्कॅन करायच्या आणि संगणकात चालू करायच्या. माणूस तोच, फक्त डबा नवा." इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे तो. मला ते हसण्यावारी नेता आलं नाही, कारण डोळ्यांसमोर आईचा बोर्डच आला. सांगलीच्या बोर्डावरच्या सगळ्या जोडण्या जशाच्या तशा मिरजेच्या बोर्डावर केल्या, तर तिथे तीच बोलणी ऐकू येतील का?

हा जो आतून ‘मी आहे’ असं वाटणारा आहे, तो यंत्रात नेता येईल का? अभ्यास असलेल्यांनी सविस्तर लिहा. श्रद्धेच्या बाजूने लिहिलंत तरी चालेल, फक्त एकमेकांना दुखवू नका.

सुरंगी | रात्री १०:३१

वाचतेय. आठवणी, स्वभाव, जाणीव आणि आत्मा हे चार शब्द चार वेगळ्या गोष्टींचे आहेत. प्रतिसाद देताना कशाबद्दल बोलताय ते सांगा, नाहीतर पन्नास प्रतिसादांनंतरही आपण इथेच असू.

मज्जातंतू | रात्री ११:०५

कृष्णाकाठ, तुमच्या आईंच्या बोर्डाची उपमा फार नेमकी आहे. मी मेंदूच्या सूक्ष्मचित्रणाचं काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

सी. एलिगन्स नावाचा मिलिमीटरभर लांबीचा एक कृमी आहे. त्याच्याकडे चेतापेशी फक्त ३०२. त्या एकमेकींना कशा जोडलेल्या आहेत याचा नकाशा जॉन व्हाइट, सिडनी ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली प्रसिद्ध केला. तेव्हापासून हा नकाशा जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेला उपलब्ध आहे, आणि तरीही तो कृमी पुढच्या क्षणी कुठे वळेल हे नुसत्या नकाशावरून सांगता येत नाही. कोणती पेशी कोणाला जोडलेली ते नकाशात दिसतं. जोडणी किती बळकट आहे, समोरच्या पेशीला ती चेतवते की दाबते, हे त्यात पुरतं कळत नाही. शिवाय न्यूरोपेप्टाइड नावाची रसायनं जोडणीशिवायच दूरच्या पेशींपर्यंत निरोप पोचवतात. म्हणजे बोर्डावर कॉर्ड दिसत नाही आणि फोन मात्र लागलेला आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रौढ फळमाशीच्या मेंदूचा पूर्ण नकाशा आला. सुमारे १ लाख ४० हजार पेशी, ५ कोटींवर जोडण्या. खसखशीच्या दाण्याएवढ्या मेंदूसाठी शेकडो माणसांनी वर्षानुवर्षं मेहनत केली. माणसाकडे आहेत ८६ अब्ज पेशी. त्याच वर्षी मे महिन्यात हार्वर्ड आणि गूगलच्या गटाने माणसाच्या मेंदूच्या एका घन मिलिमीटरचं चित्रण प्रसिद्ध केलं. तेवढ्या कणाला १,४०० टेराबाइट जागा लागली. आपला मेंदू साधारण १२ लाख घन मिलिमीटर धरा आणि गुणाकार करा: १६८ कोटी टेराबाइट.

आणखी एक गोष्ट बातम्यांमध्ये सुटते. असं चित्रण जिवंत मेंदूचं होत नाही. ऊतक रसायनात पक्कं करायचं आणि सुमारे ३० नॅनोमीटर जाडीचे काप काढून एकेक काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घालायचा.

पुरणपोळी | रात्री ११:१२

आमच्या ह्यांना यंत्रात घालताना घोरणं वगळता येईल का?

शून्यएक | रात्री ११:४०

मज्जातंतू, माहितीपूर्ण प्रतिसाद. पण "अवघड आहे" आणि "अशक्य आहे" यांत मोठं अंतर आहे. मानवी जनुकसंचाचं वाचन १९९० मध्ये सुरू झालं, पूर्ण झाल्याची घोषणा २००३ मध्ये झाली. आज तेच काम काही दिवसांत होतं. त्या वेळीही गुणाकार करून हात टेकणारे होतेच.

माशीच्या नकाशाची पुढची गोष्ट तुम्ही सांगितली नाहीत. २०२४ मध्येच त्या नकाशावरून संगणकात एक प्रतिकृती चालवली गेली. तिच्यात गोड चव ओळखणाऱ्या पेशी चेतवल्या, तेव्हा सोंड पुढे काढणाऱ्या पेशी आपोआप जाग्या झाल्या, खऱ्या माशीत होतात तशाच. जोडण्या प्रत्यक्षात किती ताकदीच्या हे माहीत नसताना, त्या मोजून आणि चेतवणाऱ्या की दाबणाऱ्या याचा अंदाज बांधून!

तत्त्वाचं बोलायचं तर यंत्रमानवशास्त्रज्ञ हॅन्स मोराव्हेक यांनी १९८८ मध्येच मेंदू थोडा थोडा करून यंत्राने बदलत जाण्याची कल्पना मांडली होती. ती अशी धरा: एक चेतापेशी काढा, तिच्या जागी तेच काम करणारा सूक्ष्म भाग बसवा. माणूस बोलतोय, हसतोय. मग दुसरी, मग तिसरी. ८६ अब्जाव्या पेशीनंतर तो पूर्ण यंत्र झालेला असेल. कोणत्या पेशीपाशी ‘तो’ गेला? आमच्या आजीच्या गोधडीत आता तिने घातलेला एकही तुकडा उरलेला नाही, सगळे आईने आणि मामीने लावलेले. घरात तिला आजीचीच गोधडी म्हणतात.

पंतोजी | रविवार, सकाळी ६:५०

चाळीस वर्षे संस्कृत शिकवले. आपल्याकडे या प्रश्नाची उत्तरे एकाच सुरातली नाहीत, म्हणून लिहितो.

सांख्य दर्शनकारांनी मन, बुद्धी आणि अहंकार या तिन्हींना प्रकृतीत, म्हणजे जडात घातले. चेतन केवळ पुरुष, म्हणजे आतला साक्षी, आणि तो काहीच करत नाही, फक्त पाहतो. या हिशेबाने स्मृती, स्वभाव, तर्क, एवढेच काय ‘मी मी’ म्हणणारा अहंकारसुद्धा यंत्रात जायला तत्त्वतः हरकत नाही, कारण ते मुळात यंत्रच आहे. पाहणारा मात्र नेता येणार नाही, कारण तो कुठल्या जागी नाहीच.

चार्वाक याच्या उलट. किण्वापासून (आंबवणापासून) मद्य तयार होताना जशी मादकता येते, तसे पृथ्वी, आप, तेज, वायू या चार महाभूतांच्या मेळातून चैतन्य येते, असे त्यांचे म्हणणे. तो मेळ दुसरीकडे जमवला तर चैतन्य तिथेही यावे. सुरंगी यांनी शब्द वेगळे करायला सांगितले ते योग्यच केले. आपण ‘मन’ म्हणतो आणि डोक्यात ‘चैतन्य’ असते, तिथे गल्लत होते.

परकायाप्रवेशाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. आद्य शंकराचार्य अमरू राजाच्या देहात गेले तेव्हा शिष्य गुहेत मूळ देह राखत बसले होते. एका वेळी दोन शंकराचार्य कुठल्याही कथेत नाहीत, हे मला महत्त्वाचे वाटते.

कॅशियर | सकाळी ९:२०

पंतोजी, शेवटचं वाक्य लाखमोलाचं. मी बँकेत ३१ वर्षं काढली. ‘ट्रान्सफर’ हा शब्द रोज वापरला, म्हणून सांगतो, तो इथे घोटाळा करतो.

एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे जातात तेव्हा काहीच ‘जात’ नाही. इथे वजा होतात, तिथे जमा होतात. पैशाला ते चालतं, कारण माझा रुपया आणि तुमचा रुपया यांत फरक नसतो. माणसाच्या बाबतीत यंत्रात जमा झालं आणि इथे वजा झालंच नाही तर? स्कॅन करून मी टेबलावरून उठलो, आणि पलीकडच्या पडद्यावरून कुणीतरी माझ्याच आवाजात "सुटलो बुवा, अमर झालो" म्हणाला, तर त्याचं अभिनंदन करीन. मला मात्र मरायचंच आहे. आणि वजा करायचंच ठरवलं, तर स्पष्ट बोलायचं तर त्याला मारणं म्हणतात.

शून्यएक यांच्या गोधडीला माझ्याकडे उत्तर नाही. रात्रभर विचार केला.

अवांतर: निवृत्तिवेतनासाठी दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो कुणी द्यायचा? मृत्युपत्र कधी उघडायचं? कायद्याला हे प्रश्न आधी सोडवावे लागतील.

पाऊलवाट | सकाळी १०:०५

कॅशियर +१.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सगळे मेंदूबद्दलच बोलताहेत, जणू खालचं शरीर म्हणजे मेंदू ठेवायची पिशवी. भूक, धाप, पोटातला गोळा, पाठीची कळ, यांतूनच तर ‘मला’ काहीतरी होतंय हे कळतं. यंत्राला भूक नसेल तर त्याला कशाची पर्वा वाटेल? हात तुटलेल्या माणसाला नसलेल्या हाताची बोटं दुखतात. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी साध्या आरशाच्या खोक्याने ती वेदना कमी करून दाखवली. मेंदू शरीराला इतका धरून असतो की ते गेलं तरी सोडत नाही. अख्खं शरीर काढून घेतलं तर यंत्रात जागं होणारं मन पहिल्या क्षणी किंचाळेल अशी मला भीती वाटते.

शून्यएक | सकाळी १०:४४

पाऊलवाट, आदर ठेवून असहमत. मानेखालची संवेदना गेलेले रुग्ण तुम्हीच पाहिले असतील. ते ‘ते’ राहत नाहीत का? नसलेला हात दुखतो याचाच अर्थ शरीराचा नकाशा मेंदूत आहे. तोही सोबत नेऊ.

पाऊलवाट | सकाळी ११:१०

राहतात, शंभर टक्के राहतात. या मुद्द्यावर मी मागे येते. पण त्यांचा श्वास, रक्त, संप्रेरकं चालू असतात. निव्वळ मेंदू मी कधी पाहिला नाही आणि तुम्हीही नाही.

मज्जातंतू | दुपारी १२:३०

शून्यएक, माशीच्या प्रतिकृतीबद्दल बरोबर आहात, मी ते लिहायला हवं होतं. चांगलं काम आहे ते. पण त्या प्रतिकृतीला गोड *लागलं* का?

तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांचा युक्तिवाद असा की वादळाची हुबेहूब नक्कल संगणकात केली म्हणून कुणी भिजत नाही. हवामान खात्याच्या संगणकात कोकणावर दर जूनमध्ये पाऊस पडतो, यंत्र कोरडंच असतं. मग मेंदूची नक्कल केल्यावर जाणीव खरोखर निर्माण होईल, हे कशावरून?

शून्यएक | दुपारी १:०२

कारण सगळ्याच गोष्टी पावसासारख्या नसतात. कॅल्क्युलेटर बेरजेची नक्कल करतो असं आपण म्हणत नाही, तो बेरीजच करतो. बुद्धिबळाचा प्रोग्रॅम बुद्धिबळाची नक्कल करत नाही, खेळतो. जाणीव पावसासारखी आहे की बेरजेसारखी, इथे सगळं येऊन थांबतं. मी बेरजेच्या बाजूचा आहे.

पंतोजी | दुपारी १:४०

पाऊस की बेरीज. वा! पन्नास वर्षांच्या वाचनात हा प्रश्न इतक्या कमी शब्दांत भेटला नव्हता. वाचनखूण साठवली.

मज्जातंतू | दुपारी २:१५

मान्य, नेमकं तिथेच अडतं. आणि विज्ञानाकडे आज त्याचं उत्तर नाही. १९९८ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांनी तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी पैज लावली होती: मेंदूतली कोणती हालचाल म्हणजे जाणीव, ते २५ वर्षांत स्पष्ट होईल. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेत कॉख यांनी हार मानली आणि वाइनच्या बाटल्या दिल्या. मेंदूशास्त्रज्ञ जूलिओ टोनोनी यांचा एकात्मिक माहितीचा सिद्धान्त तर सांगतो की आजच्या रचनेच्या संगणकात मेंदूचा प्रोग्रॅम कितीही अचूक चालवा, जाणीव येणार नाही. ती प्रोग्रॅमवर नव्हे, यंत्राच्या प्रत्यक्ष भौतिक जोडणीवर अवलंबून आहे. हा सिद्धान्त अनेकांना पटत नाही. पण तो खरा निघाला तर शून्यएकच्या पेशी-पेशी बदलाला वाव आहे, स्कॅन करून संगणकात टाकण्याला नाही.

शुद्धिपत्र | संध्याकाळी ५:२५

रविवारची ड्यूटी संपवून लिहितेय. मी भूलतज्ज्ञ आहे. माणसाची शुद्ध घालवणं आणि परत आणणं हेच माझं काम, तरी ती नक्की कुठे जाते हे मलाही सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र मला या धाग्यासाठी महत्त्वाची वाटते. महारोहिणीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या) कमानीवरच्या काही शस्त्रक्रियांमध्ये रुग्णाचं शरीर १८ अंशांच्या आसपास थंड करतात, हृदय थांबवतात, रक्ताभिसरणही थांबवतात. मेंदूच्या विद्युतलहरींची रेघ सपाट होते. वीस-पंचवीस मिनिटं त्या मेंदूत काहीही ‘चालू’ नसतं. नंतर हळूहळू ऊब देतात. आणि तो माणूस जागा होतो, बायकोला ओळखतो, गाडीची किल्ली कुठे ठेवलीय ते सांगतो.

मी विद्यार्थिदशेत पहिल्यांदा हे पाहिलं त्या रात्री झोपले नव्हते. कृष्णाकाठ, तुमच्या भाषेत सांगायचं तर सगळे फोन कट झाले होते, एक्स्चेंजची वीज गेली होती, पण जोडण्या शाबूत होत्या आणि वीज आल्यावर माणूस परत आला. म्हणजे आठवणी वाहत्या प्रवाहात नसतात, रचनेत असतात. तुमचा भाचा त्या बाबतीत अगदी चुकीचा नाही. फक्त आम्ही वीज त्याच एक्स्चेंजला परत दिली होती, मिरजेच्या नाही.

कृष्णाकाठ | संध्याकाळी ५:५०

शुद्धिपत्र, अंगावर काटा आला. भाच्याला वाचून दाखवला. तो "बघ!" म्हणाला, आणि शेवटचं वाक्य ऐकून गप्प झाला.

कोकणकडा | संध्याकाळी ६:३०

विज्ञान होईल तेव्हा होईल, विकणारे आधी येतात. अमेरिकेत नेक्टोम नावाच्या कंपनीने २०१८ मध्ये मेंदू जतन करण्यासाठी १० हजार डॉलर अनामत घेऊन प्रतीक्षायादी काढली होती. अनामत परत मिळणारी होती, हे खरं. पण ती रसायनं माणूस जिवंत असतानाच रक्तवाहिन्यांत सोडायची, म्हणजे प्रक्रियेत मृत्यू ठरलेला. गदारोळ झाल्यावर तिथल्या एमआयटी विद्यापीठाने त्यांच्याबरोबरचा करार संपवला. आधी त्याच मंडळींच्या पद्धतीने डुकराच्या मेंदूतल्या जोडण्या उत्तम टिकल्या होत्या आणि त्यासाठी बक्षीसही मिळालं होतं. म्हणजे तंत्र खोटं नव्हतं. टिकवणं आणि जागं करणं यांमधली दरी आशेने भरून ती दुःखात असलेल्या कुटुंबांना विकणं, याला माझा विरोध आहे.

तिन्हीसांज | संध्याकाळी ७:१०

कोकणकडा यांच्याशी पूर्ण सहमत. आमच्याकडे घडलेलं सांगते.

काका गेल्यावर चुलतभावाने त्यांच्या फोनमधले आवाजी निरोप आणि मेसेज घालून एक बोलणारा प्रोग्रॅम बनवला. हेतू चांगला होता. काकूला ऐकवला. ती पाच-सात मिनिटं ऐकत राहिली. आवाज तोच, "काय गं, जेवलीस का" तेच. मग म्हणाली, "एवढं सलग ते कधी बोललेत?" आणि उठून गेली. काका दोन शब्द बोलून थांबायचे, उरलेलं तिने समजून घ्यायचं, असा पस्तीस वर्षांचा संसार. ते थांबणं कुठल्याच फाइलीत नव्हतं.

पुरणपोळी | संध्याकाळी ७:२६

तिन्हीसांज, डोळ्यांत पाणी आलं. काल घोरणं वगळा म्हणाले होते, ते मागे घेते. ते गावाला गेले की त्या शांततेत मला झोप लागत नाही. त्यांच्यातलं थोडं माझ्या मेंदूत आहे, ते कसं नेणार?

सुरंगी | रात्री ८:००

मूळ प्रश्नाकडे येऊया का? आठवणी रचनेत असतात हे डॉक्टरांनी सांगितलं. मग रचनाच झिजली की माणूस संपतो का? कृष्णाकाठच्या आईंच्या बाबतीत मला हेच विचारावंसं वाटत होतं, पण धीर होत नव्हता.

शुद्धिपत्र | रात्री ८:४५

सुरंगी, हेन्री मोलेसन यांचं उदाहरण देते. १९५३ मध्ये अपस्माराच्या शस्त्रक्रियेत त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या अवयवाचा, बराच भाग काढला गेला. त्यानंतर ५५ वर्षं, २००८ मध्ये जाईपर्यंत, त्यांना कुठलीही नवी घटना लक्षात राहिली नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर दशकानुदशकं त्यांना तपासत होत्या, आणि प्रत्येक वेळी त्या त्यांना नव्यानेच भेटायच्या. पण मिल्नर यांनी त्यांना आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला शिकवली, तेव्हा हात दिवसेंदिवस सफाईदार होत गेला. आपण हे आधी केलंय याची आठवण मात्र शून्य. हाताला माहीत होतं, त्यांना नव्हतं. सौम्य, विनोदी, शब्दकोडी आवडणारा माणूस शस्त्रक्रियेनंतरही तसाच राहिला.

कृष्णाकाठ | रात्री १०:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. सुरंगी, तू विचारलंस ते बरं केलंस.

आई आजारी पडल्यावर आधी आमची नावं गेली, मग घर गेलं, मग बाबा होते हेही गेलं. शेवटच्या दोन वर्षांत ती दिवसभर वेताच्या खुर्चीसमोर स्टुलावर बसायची. केसांतली आकडी काढून खुर्चीच्या विणीतल्या भोकात घालायची, मग दुसरी आकडी दुसऱ्या भोकात. मान जराशी तिरकी, हेडसेटची सवय. मला बरेच दिवस कळलंच नाही ती काय करतेय. घरात फोन वाजला की "नंबर सांगा" म्हणायची, त्याच ठाम, गोड आवाजात. डॉक्टर, तुमचा आरशातला हात वाचला आणि मी खुर्चीपाशी जाऊन बसले होते, म्हणून उत्तराला उशीर झाला.

भाच्याला मी आज विचारलं, यंत्रात न्यायची तर कुठल्या दिवसाची आजी नेशील? बोर्डावर बसणारी, तुला अंगाखांद्यावर खेळवणारी, की खुर्चीपुढची? तो म्हणाला, आजाराच्या आधीची, अर्थात. मला तसं ‘अर्थात’ म्हणवेना. खुर्चीपुढच्या आईकडे तुमच्या यादीतल्या आठवणी नव्हत्या, पण आतून बघणारं कुणीतरी होतं याबद्दल मला एक क्षणही शंका आली नाही. म्हणून पंतोजींच्या सांख्यांकडे माझा कल जातोय. तरी शून्यएक यांची बेरीज मनातून जात नाही. उद्या ती खरी ठरली तर मला वाईट वाटणार नाही, आनंदच होईल.

दोन आकड्या दोन भोकांत बसल्या की आई माझ्याकडे बघून विचारायची, "लागला?" मी "हो, लागला" म्हणायचे. मग ती हात मागे घ्यायची आणि दुसरीकडे बघायची. दोघांचं बोलणं सुरू झालं की ऑपरेटरने ऐकायचं नसतं.

शून्यएक | रात्री ११:०८

कृष्णाकाठ, भाच्याला इथे सदस्य व्हायला सांगा. कुठल्या दिवसाची आजी, हा प्रश्न मी माझ्या बाजूने कधीच विचारात घेतला नव्हता. माशीच्या प्रतिकृतीचा प्रोग्रॅम खुला आहे, आम्ही दोघं तो चालवून बघू आणि इथेच लिहू.